गोठ्यातील खुराक व घरातील ताट

दुधाळ जनावराचा खुराक कसा असावा, हे सांगावयास आता गावात तज्ज्ञाची फारशी गरज उरलेली नाही. संकलन केंद्रावर दुधाचे फॅट उतरले, की धनी त्याच दिवशी गोठ्यात जाऊन कडबा किती पडतो आणि भरडा किती जातो याचा मेळ घालू लागतो. नुसता भरडा वाढवून व वैरण तोडून फॅट चढत नाही, उलट उतरते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. यामागील शास्त्र असे की, गाईम्हशीच्या कोठीपोटातील सूक्ष्मजंतू कडब्यातील चोथा कुजवून त्याचे आम्लांत रूपांतर करतात आणि त्यांपैकी ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांशाचा बराच भाग तयार होतो. चोथा तुटला, की हे काम मंदावते. पिष्टमय खाद्य, चोथा आणि स्निग्धांश यांचा परस्परसंबंध शेतकऱ्याने असा आपल्या दावणीलाच पाहिलेला असतो.

आश्चर्य वाटते ते हे की, इतका चोख हिशेब ठेवणारा हाच शेतकरी घरच्या ताटाचा हिशेब मात्र कधी करीत नाही. म्हशीस कोंडा घालावयाचा आणि मुलांना बारीक चाळणीने चाळलेले पीठ खाऊ घालावयाचे, हा प्रकार आता सुखवस्तू घरांपुरता राहिलेला नाही. ज्या घरात ज्वारीचे कणगे भरलेले असत, त्या घरात आज पांढरा तांदूळ, मैद्याची बिस्किटे व डब्यातील पामतेल शिरले आहे. माझे मत असे आहे की, हा प्रश्न केवळ आरोग्य खात्याचा नव्हे. पेरणीचा आराखडा ठरतो, तेथेच ताटाचाही आराखडा ठरत असतो. म्हणून शेतीविस्ताराचे काम करणाऱ्या आपण सर्वांनी हा विषय आपला मानला पाहिजे.

प्रथम पिष्टमय पदार्थांविषयी. ज्यांना शास्त्रात कर्बोदके म्हणतात, त्या एकाच कुळात साखर, धान्यातील पिष्ट आणि चोथा हे तिन्ही येतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब माळ. पचनात ती तुटते, ग्लुकोज रक्तात उतरते आणि स्नायू व मेंदू त्यावर चालतात. एका ग्रॅमापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. नांगर धरणाऱ्यास, ऊस तोडणाऱ्यास, दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईस ही ऊर्जा हवीच. हल्ली शहरातून एक टूम निघाली आहे की, भात-भाकरी हेच सर्व रोगांचे मूळ. ती खरी मानू नये. दोष पिष्टात नाही. ते कोणत्या रूपात पोटात जाते व किती जाते, यावर सारे अवलंबून आहे.

धान्याचा दाणा उभा चिरून पाहावा. बाहेर कोंड्याची आवरणे, एका टोकास अंकुर आणि मध्ये पांढरा पिष्टाचा गाभा. चोथा मुख्यतः कोंड्यात, स्निग्धांश बहुतांशी अंकुरात आणि ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे या दोहोंत असतात. भाताच्या गिरणीत दाणा पांढराशुभ्र होईपर्यंत घासला, की हे सर्व बाहेर जाते व उरतो तो गाभा. याच घासलेल्या तांदळामुळे होणाऱ्या बेरीबेरी रोगाचा शोध घेण्यासाठी सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढे १९५८ मध्ये हैदराबादेस गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. म्हणजे आपल्या देशातील पोषणशास्त्राची पहिली मोठी संस्था गिरणीत टाकून दिलेल्या कोंड्याच्या चौकशीतूनच उभी राहिली, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत चोथ्याचे आकडे आहेत. १०० ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व नाचणीत ११ ग्रॅम, अख्ख्या गव्हात ११ ग्रॅम. पण घासलेल्या तांदळात ३ ग्रॅमांहून कमी आणि मैद्यातही तितकाच. अख्ख्या हरभऱ्यात तो २५ ग्रॅम, तर हरभऱ्याच्या डाळीत १५ ग्रॅम. दिवसाकाठी २५० ग्रॅम धान्य खाणाऱ्या माणसास ज्वारीपासून २५ ग्रॅम चोथा मिळेल आणि त्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळापासून ७ ग्रॅम. प्रौढ माणसाने रोज किमान २५ ग्रॅम चोथा घ्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ज्वारी खाणाऱ्यास ती धान्यातूनच पुरी होते. तांदूळ खाणाऱ्यास उरलेला १८ ग्रॅम चोथा भाजीपाला, कडधान्ये व फळे यांतून आणावा लागतो. ज्या घरी आठवड्यातून दोनदाच पालेभाजी शिजते, तेथे हे कसे साधावयाचे?

चोथा पचत नाही, मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न सभेत हमखास विचारला जातो. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर गोठ्यातच आहे. माणसाला कोठीपोट नाही. परंतु त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची तशीच एक वसाहत नांदत असते. वरच्या आतड्यात न पचलेला चोथा तेथे पोहोचला, की हे जंतू त्यातील काही भाग आंबवितात व ब्यूटिरिक आम्लासारखी लहान आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न हेच आम्ल होय. जो भाग आंबत नाही तो पाणी धरून ठेवतो व मलशुद्धी सुलभ करतो. शिवाय चोथ्याबरोबर आलेले पिष्ट सावकाश पचते, त्यामुळे रक्तातील साखर एकदम उसळी घेत नाही. आणि काही प्रकारचा चोथा पित्ताम्लांस धरून बाहेर नेतो, त्यामुळे कोलेस्टेरॉलही उतरते. युगांडात काम केलेले आयरिश शल्यवैद्य डेनिस बर्किट यांनी १९७० च्या सुमारास या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. तेथील ग्रामीण लोकांत बद्धकोष्ठ व आतड्याचे अनेक विकार जवळजवळ नव्हते आणि त्यांच्या जेवणात चोथा भरपूर होता. त्यांच्या तर्कातील सर्वच गोष्टी पुढे टिकल्या नाहीत. परंतु मुख्य मुद्दा टिकला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात, रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी चोथा खाणाऱ्यांहून स्पष्टपणे कमी आढळले.

येथे शिळ्या भाकरीविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण तिची उगाच लाज वाटू लागली आहे. शिजलेले पिष्ट थंड झाले, की त्यातील काही भाग पुन्हा घट्ट बसतो व लहान आतड्यात पचत नाही; तो चोथ्यासारखाच मोठ्या आतड्यात जाऊन जंतूंचे अन्न होतो. सकाळी ताकात कुस्करलेली रात्रीची भाकरी म्हणजे काही दारिद्र्याची खूण नव्हे. ती नीट झाकून ठेवलेली व न बुरसलेली असावी, एवढेच पाहावे.

आता एक इशारा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्यानंतर ज्वारी-बाजरीची स्तुती इतकी झाली की, ती धान्ये नसून औषधेच आहेत, असा समज पसरू लागला आहे. आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींवर रोगी असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. त्याच पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये आहाराविषयी जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. भारतीय माणूस आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतूनच घेतो. आणि तांदूळ सोडून तितकाच गहू किंवा तितकीच भरडधान्ये खाल्ल्याने धोका कमी होत नाही, एकूण पिष्टच कमी करून त्या जागी डाळी व दूध आणावे लागते. म्हणजे पाच भाकऱ्या व वाटीभर पातळ कालवण हे जेवण ज्वारीचे असले तरी अपुरेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० उष्मांकांचे जे नमुनेदार ताट सुचविले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. आपल्याकडील मोठ्या भाकरीस ८० ते १०० ग्रॅम पीठ लागते. अडीच-तीन भाकऱ्यांत दिवसाचे धान्य संपले, असा त्याचा अर्थ. अंगमेहनत करणाऱ्यास याहून अधिक लागेल. परंतु ट्रॅक्टर आल्यावर, मोटारसायकल आल्यावर किती घरांनी आपली भूक फिरून मोजली, हे ज्याने त्याने पाहावे.

स्निग्ध पदार्थांबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, तेल-तूप म्हणजे ताकद. कोणी म्हणतो, ते विष. दोघेही अर्धेच बोलतात. एका ग्रॅम स्निग्धांशापासून ९ उष्मांक मिळतात, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून अधिक. अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या संगतीनेच शरीरात शोषली जातात. म्हणून शेवग्याच्या पाल्याला चमचाभर तेलाची फोडणी देणे ही केवळ चवीची गोष्ट नव्हे. शिवाय काही मेदाम्ले शरीर स्वतः तयारच करू शकत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे प्रथम दाखविले. स्निग्धांशरहित खाद्यावर उंदरांची वाढ खुंटली व कातडी खवल्यांनी भरली. लिनोलेइक आम्ल असलेले तेल देताच ते सुधारले.

लहान मुलांच्या बाबतीत तर तेल-तुपाची काटकसर घातकच ठरते. आईच्या दुधातील सुमारे निम्मे उष्मांक स्निग्धांशाचे असतात. सहा महिन्यांनंतर मूल वरचे खाऊ लागले, की आपण त्यास पातळ पेज किंवा भाताची गुरगुट देतो. मुलाचे पोट मुठीएवढे. ते पाण्याने व पिष्टाने भरते आणि ऊर्जा मात्र अपुरीच मिळते. अशा वयात चोथ्याचाही आग्रह धरू नये. नाचणीचे सत्त्व किंवा मऊ खिचडी यांत चमचाभर तूप अथवा तेल घालावे, म्हणजे त्याच वाटीत पुष्कळ अधिक शक्ती जाते. अंगणवाडी सेविका हे सांगतच असतात. गावच्या सभेत बापास उद्देशून हे सांगण्याचे काम आपण करावे, कारण तुपाचा डबा कोणाच्या ताटाकडे प्रथम वळतो, हे सर्वांना माहीत आहे.

मोठ्या माणसांचे गणित उलटे आहे. वर सांगितलेल्या नमुनेदार ताटात माणशी दररोज २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. पाच माणसांच्या घरी महिन्याला हे सुमारे ४ किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास होते. आपल्या घरी किती संपते, ते एक महिना मोजून पाहावे. आणि प्रमाणाइतकेच तेल कोणते, हेही महत्त्वाचे. पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाम्लांचा, जो अधिक झाल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. भुईमुगाच्या तेलात तो भाग बराच कमी. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लच सत्तर टक्क्यांच्या वर असते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, जे इतर तेलांत क्वचितच मिळते. विदर्भातील जवसाची चटणी या दृष्टीने मोलाची आहे. एकच तेल बारमाही न वापरता करडई व भुईमूग आलटून-पालटून वापरावे आणि जोडीस जवसाची किंवा तिळाची चटणी ठेवावी, हे उत्तम. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तळून काळे झालेले तेल पुनःपुन्हा कढईत घालणाऱ्या गाड्यावरच्या भज्यांवर त्या मर्यादेचा इलाज नाही.

आपला देश आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो व त्यातील सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. आणि ज्या रब्बी पट्ट्यात ज्वारीच्या शेताच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे असत, जनावर आत शिरू नये म्हणून आणि तेलही मिळावे म्हणून, तेथे ती दिसेनाशी होत आहे. कोवळ्या करडईची भाजी तिच्याबरोबर गेली. घाण्यावरची पेंड गेली. ज्वारीचेही तेच. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज त्याचा तिसरा हिस्साही राहिलेला नाही. याची कारणे मी नाकारीत नाही. काढणीस मजूर मिळत नाहीत, पाखरे राखणीस माणूस नाही, ऊस व सोयाबीन यांचा पैसा रोख दिसतो. शेतकऱ्याने पैसा पाहू नये, असे म्हणणे हा ज्याला दरमहा पगार मिळतो त्याचा उपदेश होय. तो मला करावयाचा नाही.

काही जण म्हणतील, शिधावाटप दुकानात धान्य मिळते, मग घरी कशासाठी पिकवावयाचे? जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांस माणशी दरमहा ५ किलो धान्य विनामूल्य मिळते. उपासमार टाळण्यासाठी ते आवश्यक आहे व त्याची कुचेष्टा कोणी करू नये. परंतु ते धान्य मुख्यतः तांदूळ व गहू असते. त्यातील गहू गावच्या गिरणीत दळून न चाळता वापरला, तर चोथ्याच्या बाबतीत तो ज्वारीच्या तोडीचा आहे. दोष गव्हाचा नाही, बारीक चाळणीचा आहे. तांदळास मात्र डाळ व भाजी यांची जोड भरपूर हवी. घरची मालदांडी चढ्या भावाने विकून वर्षभर निव्वळ पांढऱ्या भातावर राहणे, हा व्यवहार वहीत नफ्याचा दिसला तरी दवाखान्याच्या चिठ्ठ्या त्यात मांडलेल्या नसतात.

म्हणून माझी सूचना अशी की, रब्बीचे नियोजन करताना प्रत्येक कुटुंबाने प्रथम घरधान्याचे क्षेत्र बाजूस काढावे. हिशेब सोपा आहे. पाच माणसांस रोज २५० ग्रॅमप्रमाणे वर्षास सुमारे साडेचार क्विंटल धान्य लागते. त्यातील निम्मे ज्वारीचे धरले, तर सव्वादोन क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे एकरी चार क्विंटल उत्पन्न धरल्यास तेवीस-चोवीस गुंठे पुरतात, आणि कडबा वेगळाच. घरच्या तेलाच्या गरजेपैकी निम्मे, म्हणजे वर्षास सुमारे २४ किलो, करडईचे धरले तर घाण्यावर त्यास एक क्विंटल बी लागेल. त्यास पंधरा-सोळा गुंठे. दोन्ही मिळून एक एकर. करडईच्या काट्यांचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांच्यासाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढलेले बिनकाट्याचे वाण आहेत. ज्यांची एकूण जमीनच दोन एकर आहे, त्यांना एकर मोकळे करणे जमणार नाही. त्यांनी बांधाच्या कडेने करडईच्या ओळी व हरभऱ्याचे चार वाफे तरी धरावेत. बाजरीच्या मुलखात हाच हिशेब बाजरीने करावा. मात्र बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते, तेव्हा आठवड्यापुरतेच दळावे. कोकणात व मावळात नाचणीने करावा.

ग्रामकार्यकर्त्यांस आणखी एक सांगणे. आपल्या बैठका चावडीवर भरतात व तेथे पुरुष येतात. ताट मात्र घरातील बाई वाढते आणि सर्वांत शेवटी स्वतः जेवते. तोवर भाजी संपलेली असते व उरलेला भात आणि आमटीचे पाणी तिच्या वाट्यास येते. पीठ चाळावयाचे की नाही, तेल किती ओतावयाचे, हरभरा अख्खा भिजवावयाचा की डाळ शिजवावयाची, हे तिच्या हाती आहे. कोणते बी पेरावयाचे, हे बहुधा तिला विचारले जात नाही. तेव्हा पीक नियोजनाची बैठक बायकांना येता येईल अशा वेळी, दुपारच्या कामाआधी अथवा दिवेलागणीपूर्वी, घ्यावी आणि पेऱ्याच्या यादीशेजारी घरास काय व किती लागते, त्याची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात साधावयाची असते, तेव्हा ही बैठक गणेशोत्सवाच्या आसपासच व्हावयास हवी. हलक्या जमिनीस राहुरीच्या कृषि विद्यापीठाचे फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा अथवा जुनी मालदांडी ३५-१ आणि भारी जमिनीस फुले वसुधा किंवा फुले रेवती हे वाण योग्य होत. मालदांडीचे बी ज्यांच्या घरी निवडून ठेवलेले आहे, त्यांनी ते पेरणीपूर्वी उगवण पाहून व बीजप्रक्रिया करून वापरावे आणि शेजाऱ्यासही द्यावे.